हॉवर्ड हॉजकिनची चित्रं कुणी बघितली आहेत का?

ओलीभिंत

२०१७ च्या उन्हाळ्यात कामानिमित्त तीन महिने लीड्सला होतो. शनिवार-रविवार जाता जात नसत. शेजारच्या वेकफील्डमध्ये हेपवर्थ नावाचं कलासंग्रहालय आहे, तिथे 'पेंटिंग इंडिया' असं प्रदर्शन लागल्याचं कळलं. म्हटलं असतील राजवाडे, हत्ती, काशीचे घाट. साहेबाच्या कुंचल्यातला भारत आणखी काय असणार!

आत गेलो तर ना घाट, ना हत्ती. लाकडाच्या फळ्यांवर रंगाचे जाडजूड फटकारे. ठिपके, पट्टे, लाटा. आणि रंग चित्रापाशी थांबायलाच तयार नाही, चौकटीवर चढलेला. नावं मात्र चक्क मुंबईची, दिल्लीची, पावसाची, सूर्यास्ताची. पहिली दहा मिनिटं खरं सांगायचं तर वैतागलो होतो. मग एका चित्रापुढच्या बाकावर पाय दुखतात म्हणून बसलो आणि बसूनच राहिलो. समोर नुसता हिरवा-निळा ओलसर रंग होता, पण मला आमच्या दादरच्या जुन्या घरातली जुलैची दुपार आठवली. खिडकी बंद, आत अंधार, बाहेर मुसळधार. कशामुळे ते आजही नेमकं सांगता येत नाही. त्यानंतर या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो, ते इथे टाकतोय.

हॉवर्ड हॉजकिन. जन्म ६ ऑगस्ट १९३२, लंडन. युद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीने मुलं बाहेरगावी पाठवत, तसा हा १९४० मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेला. तीन वर्षं तिथे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आधुनिक चित्रं बघितली ती त्या वयात. परत आल्यावर ईटनसारख्या नामांकित शाळेत घातलं, पण स्वारी शाळेतून पळून जायची. चित्रकार व्हायचं हे पाचव्या वर्षीच ठरलं होतं म्हणे, त्यामुळे बाकीचं शिक्षण त्याला वेळेचा अपव्यय वाटत असावं. ईटनने एक उपकार मात्र केला. तिथले चित्रकलेचे शिक्षक विल्फ्रिड ब्लंट यांनी पोरांना भारतीय लघुचित्रं दाखवली. (अवांतर: हे ब्लंट म्हणजे रशियाचा हेर निघालेला कलेतिहासकार अँथनी ब्लंट, त्याचे सख्खे भाऊ.) तिथून जे वेड लागलं ते मरेपर्यंत. भारत बघण्याआधी कित्येक वर्षं हा माणूस भारतीय चित्रं जमवत होता.

मग कॅम्बरवेलचं कलाविद्यालय, नंतर कॉर्शमची बाथ अकादमी. १९५४ मध्ये शिकून बाहेर पडला आणि पुढची अठरा वर्षं मास्तरकी. आधी एका शाळेत, मग कॉर्शमलाच, मग लंडनच्या चेल्सी कलाविद्यालयात. पहिलं एकल प्रदर्शन १९६२ मध्ये, म्हणजे तिशीला. हे लक्षात घ्या की तो काळ लंडनमध्ये पॉप कलेचा, म्हणजे जाहिराती-सिनेमातल्या रोजच्या प्रतिमा चित्रात आणण्याचा होता. त्याच्याहून पाच वर्षांनी लहान असलेला डेव्हिड हॉकनी विशी-पंचविशीतच गाजत होता. हॉजकिन कुठल्याच कळपात बसत नव्हता. मित्रांची, मित्रांच्या जोडप्यांची चित्रं काढायचा, पण त्यात माणूस ओळखू येईल तर शपथ. अमूर्तवाले म्हणत हा आमचा नाही, आकृतिवाले म्हणत आमचाही नाही.

त्याचं स्वतःचं म्हणणं वेगळंच होतं. मी प्रसंग रंगवतो, पण प्रसंग कसा दिसला ते नाही, तो मनात कसा उरला ते, अशा अर्थाचं तो नेहमी सांगे. म्हणजे कुणाच्या तरी घरी जेवायला गेला. गप्पा झाल्या, कुणी कुणावर रुसलं, दिव्याचा उजेड कसा होता, पडद्याचा रंग कुठला. घरी येऊन रेखाटन वगैरे काही नाही. ती संध्याकाळ डोक्यात ठेवायची आणि रंगवत बसायचं. किती दिवस? लंडनच्या टेट संग्रहालयात त्याचं 'डिनर ॲट स्मिथ स्क्वेअर' आहे, त्याच्यापुढे साल लिहिलंय १९७५-७९. 'रेन' नावाचं चित्र १९८४-८९. एका पावसाला पाच वर्षं!

१९७६ मध्ये ऑक्सफर्डला पहिलं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, तेव्हाच्या तरुण निकोलस सेरोटाने भरवलेलं (हाच पुढे टेटचा प्रमुख झाला). १९४९ पासून १९७५ पर्यंतची चित्रं होती त्यात, पंचेचाळीस. खरं यश मात्र पन्नाशीनंतर. १९८४ मध्ये व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं जागतिक कलाप्रदर्शन) ब्रिटनतर्फे एकट्याची चाळीस चित्रं, १९८५ मध्ये ब्रिटनमधलं कलेचं नावाजलेलं टर्नर पारितोषिक, १९९२ मध्ये 'सर'. टर्नरच्या वेळच्या चित्राचं नाव 'अ स्मॉल थिंग बट माय ओन'. लहान आहे पण माझं आहे! मला हे नाव भारी आवडतं.

भारतात पहिल्यांदा आला १९६४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट संग्रहालयातले भारतीय चित्रांचे जाणकार रॉबर्ट स्केल्टन यांच्याबरोबर. मग जवळजवळ दरवर्षी. १९७१ मध्ये 'इंडियन व्ह्यूज' नावाची बारा छापचित्रं केली, ती म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून दिसलेला देश. खिडकीची चौकट आणि आत एखादा पट्टा आकाश, एखादा पट्टा जमीन. आपण सगळ्यांनी डब्यातून तेच बघितलंय की! १९७८ मध्ये अहमदाबादला साराभाईंकडे राहून ताज्या, ओल्या हातकागदावर कापड रंगवायच्या रंगांनी चित्रं केली. कागद ओला म्हणजे रंग लगेच पिणार, खोडायची सोय नाही. एरवी पाच पाच वर्षं घोळ घालणाऱ्या माणसाने हे मुद्दाम स्वतःवर ओढवून घेतलं असणार, असा माझा तर्क. १९८२ मध्ये ती टेटमध्ये लागली.

शेवटी शेवटी हिवाळे मुंबईत काढायचा. चाकाच्या खुर्चीत बसून रंगवायचा. अखेरच्या हिवाळ्यातही इथे काम केलं, लंडनला परतला आणि ९ मार्च २०१७ ला गेला. मी वेकफील्डला पोहोचलो तेव्हा त्याला जाऊन चार-पाच महिनेच झाले होते आणि मला पत्ताही नव्हता.

तर, आणखी कुणी बघितलाय का हा माणूस?

काजूकतली

लेख आवडला, पण एक शंका आहे, रागावू नका. चित्राखाली 'रेन' लिहिलं नसतं तर तुम्हाला पाऊस दिसला असता का? नाव वाचून आपण पाऊस शोधतो आणि मग सापडल्याचा आनंद. शाळेत ढगात हत्ती बघायचो तसं. आणि पाच वर्षं लागली म्हणजे चांगलं, हेही मला पटत नाही. आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागली, म्हणून ती कलाकृती नाही.

ओलीभिंत

@काजूकतली, लिफ्टचं वाचून हसलो :)) रागावणार कशाला, मीही आधी वैतागलोच होतो. नावाचं म्हणाल तर मी ज्या चित्रापुढे बसलो त्याचं नाव बघितलंच नव्हतं, उठताना वाचलं. नाव पावसाचं नव्हतं! त्यामुळे मला जे दिसलं ते चूक की बरोबर, कुणास ठाऊक. त्याला एक संध्याकाळ आठवत होती, मला दुसरी दुपार आठवली.

वर्षांबद्दल: पाच वर्षं रोज रंगवत नव्हता तो. लंडनला ब्रिटिश म्युझियमजवळ एका जुन्या डेअरीत त्याचा स्टुडिओ होता. वरून काचेतून उजेड, भिंती पांढऱ्या, आणि अर्धवट चित्रं मोठ्या पांढऱ्या पडद्यांमागे झाकलेली. एका वेळी एकच उघडायचं, खुर्चीत बसून तासन् तास बघायचं. वाटलंच तर उठून एक फटकारा. नाही वाटलं तर झाकून ठेवायचं.

जेजेचा_जुना

बऱ्याच दिवसांनी इथे वाचण्यासारखं काही आलं. थोडी धंद्याची बाजू सांगतो.

हॉजकिनने साधारण सत्तरच्या सुमारास कॅनव्हास सोडला आणि लाकूड धरलं. हा छंद नव्हे, गरज आहे. कॅनव्हास ताणलेला असतो, दाबलं की आत जातो. वर्षानुवर्षं थर चढवायचे, खालचं झाकायचं, पुन्हा जोरात ब्रश मारायचा, तर खाली काहीतरी ठाम लागतं. फळी हलत नाही. आणि त्याच्या फळ्या दुकानातून आणलेल्या कोऱ्या नसत. जुनी दारं, टेबलाचे तक्ते, पाव कापायचे पाट, जुन्या बाजारातल्या चौकटी. आधीच आयुष्य भोगलेलं लाकूड.

चौकटीचं बघा. आपल्याकडच्या लघुचित्रांत हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची रंगवलेली किनार, असतो. पहाडी चित्रांत तर लाल पट्टा, आणि कधी कधी झाडाची फांदी, एखाद्याचा पाय किंवा घोड्याचं तोंड त्या पट्ट्यावर येतं. युरोपात चौकट म्हणजे खिडकी, तिच्यातून आत बघायचं. आपल्याकडे चौकट हा चित्राचाच भाग. हॉजकिनने ही गोष्ट उचलली असं मला वाटतं, आणि उचलली ती वरवरची नक्कल न करता. राधाकृष्ण काढले नाहीत, मोर काढले नाहीत. सपाट रंगाशेजारी सपाट रंग ठेवून खोली कशी आणायची आणि हाशिया कसा बोलता करायचा, तेवढं घेतलं. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी नेमकं उलटं केलं, मोर घेतले आणि हाशिया सोडला. असो.

तुमच्या पाच वर्षांवरून आपले चित्रकार गायतोंडे आठवले. तेही वर्षाला पाच-सहा चित्रं करत. बसून राहायचे. पण दोघांचं टोक वेगळं. गायतोंड्यांना चित्रात माणूस, प्रसंग, गोष्ट काहीच नको होतं, आपल्या कामाला अमूर्त म्हटलेलंही त्यांना रुचत नसे. हॉजकिनलाही अमूर्त शब्द आवडत नसे, पण कारण अगदी उलटं: माझ्या चित्रात माणसं खच्चून भरलीत, तुम्हाला दिसत नाहीत त्याला मी काय करू!

काजूकतली

जेजेचा_जुना, हे हाशियाचं पटलं. आता चित्रं शोधून बघते. मोबाइलवर बघून काही कळेल का?

जेजेचा_जुना

रंग कळतील, आकारमान अजिबात नाही. त्याची काही चित्रं वहीच्या पानाएवढी आहेत आणि काही भिंतभर. मोबाइलवर दोन्ही सारखीच. लहान चित्रांत ब्रशचा एकच फटका अख्ख्या चित्राएवढा असतो, त्याची मजा समोरच यायची.

निवांत_डॉक्टर

नाव वाचून आधी वाटलं आमच्या विषयाचा धागा आहे. हॉजकिन्स लिम्फोमा ज्यांच्या नावाने ओळखतात ते एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर थॉमस हॉजकिन याच घराण्यातले. चित्रकलेतलं मला शून्य कळतं, पण मूळ लेखात एक गोष्ट राहिली असं वाटतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा माणूस गंभीर आजारी पडला होता. त्याच सुमारास संसारही मोडला. चित्रं बदलली ती त्यानंतर की आधी?

तिसरी_घंटा

@निवांत_डॉक्टर, माझ्या मते त्यानंतर. १९५५ मध्ये लग्न, दोन मुलगे, आणि चाळिशी उलटल्यावर आपण समलिंगी आहोत हे त्याने उघडपणे स्वीकारलं. साठच्या दशकातली चित्रं बघा, रेखीव, जरा थट्टेखोर, इतरांच्या घरात डोकावणारी. आजारपणानंतरच्या चित्रांत तो स्वतः आहे. 'इन बेड इन व्हेनिस' असं नाव देणारा माणूस पंधरा वर्षांपूर्वी 'मिस्टर ॲण्ड मिसेस अमुक' अशी नावं देत होता. रंगही सैल झाला, ब्रशही. पुढची तीसेक वर्षं संगीतावर लिहिणारे अँटनी पीटी त्याचे जोडीदार होते.

इथे मला भूपेन खख्खर आठवतात. जन्म मुंबईचा, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्याला जाऊन चित्रकार झाले. हॉजकिनशी घट्ट मैत्री. 'फ्रॉम द हाउस ऑफ भूपेन खख्खर' हे हॉजकिनचं १९७५-७६ चं चित्र. मग १९७९ मध्ये खख्खर बाथ अकादमीत शिकवायला इंग्लंडला गेले आणि हॉजकिनकडे राहिले. पबमध्ये एकटा बसलेला माणूस, हे त्यांचं चित्र तेव्हाचं. परत आल्यावर दोन वर्षांत 'यू कान्ट प्लीज ऑल' काढलं, ज्यात त्यांनी स्वतःला उघडं दाखवलंय, सगळ्याच अर्थांनी. मैत्रीतून नेमकं कुणी कुणाला काय दिलं ते मोजता येत नाही, पण दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवून बघाव्यात.

नाटकवाल्यांसाठी: त्याने नृत्यनाट्यांचे पडदेही केलेत. नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिसच्या २०१६ च्या लैला-मजनूचं नेपथ्य आणि वेशभूषा त्याचीच. तेव्हा वय चौऱ्याऐंशी.

संसारी

सगळं ठीक, पण त्या बायकोचं काय? पन्नासच्या दशकात लग्न करून दोन मुलं, आणि वीस वर्षांनी साहेबांना स्वतःचा शोध लागतो. मग त्या शोधाची चित्रं संग्रहालयात लागतात. तिचा प्रसंग कोण रंगवणार?

तिसरी_घंटा

@संसारी, प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच की इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता. लग्न केलं तेव्हा तुरुंगाची भीती खरी होती. त्याने तिचं दुःख कमी होत नाही हे मान्य.

दख्खनी

मी चित्रकाराबद्दल नाही, संग्राहकाबद्दल लिहितो, कारण माझं येणं-जाणं तिकडे जास्त. हॉजकिनच्या संग्रहात विजापूरचं एक चित्र होतं, साधारण १६४५ चं. हत्तीवर महंमद आदिलशहा बसलाय आणि त्याच्यामागे त्याचा हबशी वजीर इखलास खान. हत्ती असा काळाभोर आणि दागिन्यांनी मढलेला की नजर हलत नाही. आता साल बघा. त्या वेळी शहाजीराजे याच आदिलशहाच्या चाकरीत होते. आपण शाळेत 'विजापूर दरबार' नुसता शब्द म्हणून पाठ करतो. त्या दरबाराचा खरा चेहरा, खरा हत्ती बघायचा तर एका इंग्रज चित्रकाराच्या घरच्या भिंतीकडे बघावं लागत होतं!

त्याला हत्तींचं फार वेड. संग्रह अभ्यासकाचा नाही, चित्रकाराचा. शाळा, काळ, घराणं यांची पूर्ण मालिका लावावी असं काही नाही, डोळ्याला भिडलं ते घेतलं. त्याहून सरस मिळालं की आधीचं देऊन ते घेतलं. २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात तो संग्रह दाखवला होता. तो गेल्यावर मात्र संग्रह तिथे गेला नाही, २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने घेतला आणि २०२४ मध्ये तिथे प्रदर्शन झालं. बऱ्याच चित्रांच्या मागच्या मालकीची साखळी स्पष्ट नाही म्हणून ऑक्सफर्डवाल्यांनी हात आखडता घेतला अशी बातमी तेव्हा होती.

आणि इथेच माझा घास अडकतो. हॉजकिनचं प्रेम खरं होतं, यात शंका नाही. पण आपल्या संस्थानिकांच्या पेट्यांतून, दलालांच्या गाठोड्यांतून ही चित्रं बाहेर कशी गेली, ते प्रेमाने सुटत नाही.

ओलीभिंत

दख्खनी, हे चित्र मला माहीतच नव्हतं. शहाजीराजांचा धागा तर डोक्यातही आला नसता. बाकी तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर वाद घालणार नाही. फक्त एक वाटतं, तो चित्रं बघून शिकला ते त्याच्या कामात उतरलं, निदान ती कपाटात कुजली नाहीत. (हे समर्थन नाही हं.)

दख्खनी

कपाटात कुजली असती हे गृहीत का धरायचं? :) पण सोडा, धागा त्याचा आहे.

दिल्लीत_मुक्काम

मंडळी, इतका वेळ न्यूयॉर्क-लंडन चाललंय. हॉजकिनचं सगळ्यात मोठं काम दिल्लीत आहे, फुकट आहे आणि रस्त्यावरून दिसतं! कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीचा दर्शनी भाग. इमारत आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरियांची, १९९२ ची. पांढरा मकराना संगमरवर आणि काळा कडप्पा वापरून अख्ख्या भिंतीवर मोठ्या वडाची सावली पसरलीय. रंगांचा बादशहा म्हणवणाऱ्याने इथे फक्त काळं-पांढरं केलंय. कडप्पा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा, हे मला कळलं तेव्हा गंमत वाटली होती.

मी त्या रस्त्याने तीन वर्षं रोज गेलो. सुरुवातीला वाटायचं भिंतीवर काहीतरी सांडलंय. मग एका मे महिन्यात, रिक्षा मिळत नव्हती म्हणून समोर उभा होतो, तेव्हा झाड दिसलं. कोरियांनी आतली रचनाही मजेशीर केलीय, मागच्या टोकाला बिंदू, मधे मुघल चारबाग, पुढे युरोपचं प्रतीक, आणि या सगळ्यांवर दारात हा वड.

जेजेचा_जुना

याचीच वाट बघत होतो, कुणी सांगितलं नसतं तर मी सांगणार होतो. त्यात भर एवढीच की हे काम त्याच्या पद्धतीच्या पार विरुद्ध आहे. दगड कापायचा म्हणजे आधी रेषा ठरवावी लागते. पाच वर्षं बघत बसून मग एक फटकारा मारायची चैन नाही. तरीही फांद्यांच्या कडा बघा, ब्रशने ओढल्यासारख्या वळतात. कापणाऱ्या कारागिरांना सलाम.

काजूकतली

बघितली बरं का चित्रं, मोबाइलवर नाही, मुलाच्या मोठ्या स्क्रीनवर. 'डिनर ॲट स्मिथ स्क्वेअर'मध्ये दोन माणसं टेबलाशी बसून बोलतायत हे वाचल्यावरच कळलं, त्यामुळे माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाहीये. पण नंतर आमटी फोडणीला टाकताना तो हिरवा सारखा डोळ्यासमोर येत होता. हे मान्य करते.

पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला दिल्लीला जातोय. तो वड बघायला कुठली वेळ चांगली?

दिल्लीत_मुक्काम

@काजूकतली, सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. फाटकाच्या आत घाई करू नका, आधी समोरच्या फुटपाथवरून बघा, जवळून नुसता दगड दिसतो. बाराखंबा रोडचं मेट्रो स्टेशन जवळ पडेल.